थ्रुंट

कसबा पेठेतल्या तांबूस उन्हात शेजारच्या कारखान्यातली ठोकाठोक थांबली, की माझ्या मैत्रिणीचे, मृण्मयीचे, खांदे आपोआप कानांपर्यंत चढतात. इतरांना शांततेत हायसे वाटते. तिला आवाजात वाटते. तिचे वडील तांब्याची भांडी घडवत. हातोडा चालू असेपर्यंत घर सुरक्षित असे. तो थांबला, की तोच हात आईवर उठे. कधी पट्टा, एकदा तर तापलेली सांडशी. भिंतीवरचे रक्त पुसायला फडके लेकीच्या हाती येई. वडील जाऊन वर्षे लोटली, तरी त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

मृण्मयी जर्मन शिकवते. हिंजवडीच्या एका गेम कंपनीने तिच्याकडून रानटी टोळ्यांसाठी जर्मनच्या कुळातली एक नवी भाषा घडवून घेतली. त्या कुळाच्या खरखरीत व्यंजनांतून, लाकडी ठोकळ्यावर हातोडा टेकवल्याचा आवाज आठवत, तिने एक नाम घडवले: थ्रुंट. म्हणजे हातोडा थांबल्यापासून घाव पडेपर्यंतची शांतता. त्या टोळ्यांत हा शब्द बायकापोरे कुजबुजतात. मारणाऱ्याला तो ठाऊकच नसतो. मायलेकी उभ्या आयुष्यात जे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, ते तिने त्या परक्या ध्वनीत ठेवले होते.

कंपनीने पाठवलेल्या चित्रफितीत मात्र कुऱ्हाड उगारलेला योद्धा "थ्रुंट!" अशी गर्जना करतो आणि समोरच्याची कवटी फुटते. मृण्मयीने तिथल्या तिथे फोन लावला. मी समोरच बसले होते.

"मॅडम, प्लेयरला किक बसायला हवी ना," पलीकडचा तरुण हसला. "मीनिंग कोण बघतंय?"

"लाथा खाल्लेले बघतात," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शेजारी तिची आई मेथी निवडत होती. तिने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मृण्मयीने मान खाली घालून, प्रथमच, सगळे सांगितले. आईची बोटे थबकली. मग ती म्हणाली, "शब्द बरोबर केलायस गं. पण त्या मारणाऱ्या मेल्याच्या तोंडी नको देऊस."

मृण्मयीने काम सोडले, वाद घातला, ती रडलीसुद्धा. शब्द मात्र करारानुसार कंपनीचा झाला होता. आता तो गेम खेळणारी पेठेतली पोरे हा शब्द ओरडत एकमेकांना काठ्यांनी झोडपतात, आणि खिडकीशी बसलेली आई दोन्ही हात डोक्यावर घेऊन वाट पाहत राहते. काळ माणसाची राख नेतो, आवाज नेतो, हळूहळू चेहराही नेतो. उगारलेला हात तेवढा घरात ठेवून जातो.