डब्यात काय आहे

सुखवंताबाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे अख्ख्या फुलचूरला ठाऊक होतं, आणि त्यांची सून रविता हिला सगळ्यांत जास्त. भुलाबाईच्या सणात रोज संध्याकाळी बायकांची गाणी संपली की खिरापतीचा डबा हलवायचा आणि जमलेल्या बायकांना विचारायचं, आत काय आहे ओळखा. जिचा डबा तिने गप्प बसायचं, एवढाच तर खेळ. पण बाई डबा हलवता हलवताच सांगून मोकळ्या होत, "खोबऱ्याच्या वड्या आहेत वो, किती दमवू तुमाले."

पोळ्याच्या सुमारास एका गोड बोलणाऱ्या माणसाचा फोन आला आणि बाईंनी मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला वाचून दाखवला. बँकेने वेळेत खातं थांबवलं म्हणून निभावलं. मुलगा भुवनेश्वर मात्र पेटला. मायला साधा बटनांचा फोन द्यायचा, असं त्याने जाहीर केलं. म्हणजे रायपूरच्या लेकीची तान्ही पोर रोज संध्याकाळी व्हिडिओवर दिसायची, तेही जाणार. बाईंच्या घशाखाली घास उतरेना. रविताचा जीव तुटला. तिने नवऱ्याकडून कोजागिरीपर्यंतची मुदत मागून घेतली. तो म्हणाला, तोवर मी कधीही परीक्षा घेईन, चुकली की फोन गेला.

भुलाबाई बसली तशी रविताने खेळाला नवा नियम लावला. ओळखणाऱ्या बायकांनी हवं ते खोटं बोलावं, धमकवावं, लाडीगोडी लावावी. जिने डब्यातलं सांगितलं तिला खिरापत नाही. शेजारच्या जमुनाबाईंना तर रानच मोकळं मिळालं. त्या कधी बँकेच्या साहेब झाल्या, कधी लॉटरीवाल्या. एकदा तर पोलीस होऊन डबा जप्त करायला काठी घेऊन आल्या. सुखवंताबाई रोज हरत, खिरापतीला मुकत आणि तरी पोट धरून हसत. मग एका संध्याकाळी जमुनाबाईंनी गळा काढून रडून दाखवलं, तरी बाईंचे ओठ हलले नाहीत. सासूला उचलून नाचावं असं रविताला वाटलं.

कोजागिरीच्या संध्याकाळी गाणी रंगात आलेली असताना फोन वाजला. अनोळखी नंबर, घोगरा आवाज. तुमचं खातं बंद होणार आहे, आत्ता आलेला ओटीपी सांगा. बाईंनी स्पीकर लावला होता. रविताने आवाजातला नवरा ओळखला. पण परीक्षेत कॉपी कशी पुरवणार?

"ओळखा," सुखवंताबाई म्हणाल्या.

आवाज चिडला, मग पोलिसांची भीती घालू लागला. बाई ढिम्म. बायकांनी तोंडात पदर कोंबले. शेवटी तो थकला आणि आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला, "माय, मी भुवनेश्वर बोलून राहिलो. आता तरी सांग."

"माह्या पोराचा आवाज काढून राहिला का रे भामट्या? मंग तर मुळीच नाही सांगत." बाईंनी फोन कापला आणि रविताने शिकवलं होतं तसा तो नंबर ब्लॉकही करून टाकला.

थोड्या वेळाने भुवनेश्वर किराणावाल्याचा फोन हातात घेऊन अंगणात आला. त्याचं पडलेलं तोंड पाहून बायकांना काय ते कळलं आणि हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली. बाईंना कशाचाच पत्ता नव्हता. त्या रायपूरला व्हिडिओ लावून नातीला सांगत होत्या, की आज आजीनं एका चोराला पार रडकुंडीला आणलं. त्यांचा हा समज कोणीच दूर केला नाही, चोरानेही नाही.