हौदातलं सोनं

माझ्या बाबांनी तीन वर्षांत माझ्या नाकी नऊ आणलेत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेले, कान गेले, पण जीभ काही थकत नाही.

आमच्या कॅरोज क्रीकला सोन्याच्या जुन्या खाणी बघायला माणसं येतात. त्यांना फिरवायचं काम माझं. आधी दगड कुटायचं जुनं यंत्र, मग मातीचे ढिगारे, मग गवतात लपलेली खाणीची भगदाडं. तिथे मी घसा फुटेस्तोवर ओरडते, "फोटो काढताना मागे सरकू नका!" आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी हसत हसत मागे सरकतं. शेवटी हौद. त्यातली रेती थाळीत घ्यायची, पाण्यात फिरवत धुवायची, आणि तळाला सोन्याचा कण चमकला की किंचाळायचं. कण चमकतोच, कारण रोज सकाळी चिमूटभर सोनं मी रेतीत मिसळते. सगळ्या खाणगावांत असंच चालतं. खरं सोनं शोधत बसले तर बिचाऱ्यांची बस चुकेल.

पण हौदाशेजारी स्टुलावर बसतात आमचे बाबा, डेन्झिल ट्रेम्बाथ. कुणी किंचाळलं की हे शांतपणे सांगणार, "ते होय? ते आमच्या ग्लेनिसने सकाळी टाकलंय."

झालं! सगळ्यांची तोंडं अशी उतरतात की बघवत नाही. बाबांच्या पणजोबांना कुणा लबाडाने सोनं नसलेली खाण विकली होती. बंदुकीत सोन्याची भुकटी भरून खडकावर झाडली आणि दाखवली, बघा किती चमकतंय. पणजोबा समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलमधलं घर विकून इथे आले होते. त्याला दीडशे वर्षं झाली, पण आमच्या घरात तो राग अजून कालचा आहे. "मातीत सोनं पेरणं पाप आहे," बाबा म्हणतात. वर मलाच विचारतात, "यात माझं काय चुकलं?"

शेवटी तक्रारी गेल्याच. खाण चालवणाऱ्या मंडळाने पत्र पाठवलं: गुरुवारी रोवेना ऑलसॉप बाई पाहणीला येतील, त्यांच्यासमोर असं काही घडलं तर म्हाताऱ्या गृहस्थांना हौदापाशी बसता येणार नाही. आई गेल्यापासून बाबा सकाळी अंथरुणातून उठतात ते त्या स्टुलासाठी. स्टूल गेलं तर ते उठायचेच नाहीत. मला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरत होतं.

गुरुवारी सकाळी टोस्ट खाता खाता मी बजावलं, "बाबा, आजचा दिवस तोंड उघडायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कोण बोला म्हणतंय? नुसतं गप्प बसा!"

"तुझी आई असती तर..."

"आईला मध्ये आणू नका! आईनेच बिघडवलंय तुम्हाला!"

मी दार आपटून गाडीत जाऊन बसले. मागोमाग तेही येऊन बसले.

बसमधून गीलाँग शहरातली आठ म्हातारी माणसं उतरली, शिवाय वही घेतलेल्या रोवेना बाई. ढिगारे झाले, भगदाडं झाली, कुणी पडलं नाही. हौदापाशी आलो. थाळ्या फिरू लागल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुणी किंचाळेना.

"अहो, नुसती मातीच आहे की!" मोठी हॅट घातलेल्या एक बाई म्हणाल्या.

आणि माझं धाबं दणाणलं. सोन्याच्या भुकटीची डबी घरी होती, पावाच्या शेजारी. भांडणाच्या नादात मी ती उचललीच नव्हती.

मी बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, मी टाकायलाच विसरले हो."

वाटलं, आता म्हणतील, बरं झालं. पण त्यांनी नुसतं रोवेना बाईंच्या वहीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि हॅटवाल्या बाईंपाशी गेले. "अशी नाही, बाई. मनगट सैल सोडा." त्यांच्या थाळीत बोटं बुडवून त्यांनी रेती जरा हलवली. मग पुढची थाळी. मग त्याच्या पुढची. रोवेना बाईंचीसुद्धा. तीन वर्षांत या माणसाने कुणाच्या थाळीला हात लावला नव्हता.

"सापडलं!" हॅटवाल्या बाई किंचाळल्या. मग दुसरं कुणी, मग तिसरं.

मी जवळ जाऊन पाहिलं. मी टाकते ती पापुद्र्यासारखी विकतची भुकटी नव्हती. जाड, गडद पिवळे, ओबडधोबड कण होते. मी बाबांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. त्यात ते कायम बाळगतात ती छोटी बाटली रिकामी होती. चाळीस वर्षं दर रविवारी ते ओढ्यावर जायचे आणि आई काठावर चहाचा थर्मास घेऊन बसायची. त्या रविवारांचं सोनं त्या बाटलीत होतं. दर नाताळला मला सांगायचे, "मी गेलो की हिला माझ्या शवपेटीत ठेव."

रोवेना बाई खूश होत्या. "तुमचे वडील तर फारच गोड आहेत. त्यांना बसू द्या खुशाल."

तेवढ्यात हॅटवाल्या बाईंनी विचारलं, "काय हो आजोबा, हे इथलंच ना? या रेतीतलं?"

बाबांनी टोपी काढून हातात धरली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. सबंध आयुष्यात त्यांनी मला कशाची परवानगी मागितली नव्हती. मला ते बघवेना.

"नाही," मीच म्हणाले. "रेतीत मी टाकते, रोज सकाळी. आज मी विसरले, म्हणून यांनी टाकलं. त्यांचं स्वतःचं, चाळीस वर्षांचं, माझ्या आईसोबतचं. माझ्यासाठी टाकलं." आणि मी चारचौघांत रडायला लागले, मूर्खासारखी.

रोवेना बाईंचं पेन थांबलं. मग हॅटवाल्या बाई पुढे आल्या, बाटली मागून घेतली आणि आपला कण आत सोडला. बाकीची माणसं त्यांच्या मागे रांगेत उभी राहिली.

बाबांनी बाटली उजेडात धरून बघितली. "एक कमी आहे," ते म्हणाले.

"बाबा!"

रोवेना बाई लालबुंद झाल्या. त्यांनी पर्समधून रुमालाची घडी काढली, हळूच उलगडली आणि आतला कण बाटलीत टाकला. मग वही मिटत मला विचारलं, "उद्या किती वाजता येतात हे?"

"साडेनऊला," मी म्हणाले. "आणि ते सांगणार. मी आत्ताच सांगून ठेवते, ते सगळ्यांना सांगणार."

"सांगू देत," त्या म्हणाल्या.

घरी जाताना अर्ध्या रस्त्यात बाबांनी बाटली पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली आणि खिशात ठेवली. मग खिशावर हात ठेवून म्हणाले, "ग्लेनिस, उद्या मात्र टाकायला विसरू नकोस. मला सांगायला काहीतरी नको का?"