मोहाले थांबतो ती जागा

हा-त्सोलो गावात पाहुणे येतात ते घोड्यावर बसायला. कुणाला धबधबा बघायचा असतो, कुणाला खिंडीवर चढून अख्खी दरी डोळ्यांत भरून घ्यायची असते, आणि कित्येकांना नुसतं परत जाऊन सांगायचं असतं की आम्ही लेसोथोच्या डोंगरात घोड्यावर बसलो. गावाला तिघेही सारखेच. घोडा कुणाचा द्यायचा ते घोडेवाल्यांच्या संघाच्या झोपडीबाहेर टांगलेला पत्र्याचा फळा ठरवतो. फळ्यावर बावीस नावं, एका घराचा एक घोडा. ज्याची पाळी त्यानं खोगीर चढवायचं. तिथं वशिला चालत नाही.

मालिपुओला वाचता फारसं येत नव्हतं, पण फळ्यावरचं पहिलं नाव तिनं डोळे मिटून दाखवलं असतं. मोहाले. म्हणजे शूर. हे नाव ठेवलं तेव्हा घोडा दोन वर्षांचा होता आणि कोंबडी दिसली तरी बुजायचा. नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलं होतं, त्याला असल्या थट्टा आवडायच्या. सोन्याच्या खाणीतली नोकरी सुटल्यावर पाहुण्यांना खिंडीवर न्यायला त्यानंच आधी सुरुवात केली, म्हणून त्याचा घोडा पहिला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. नाव होतं तिथंच होतं.

त्या नावापुढे आता पाहुण्यांच्या तक्रारींच्या दोन फुल्या पडल्या होत्या. तिसरी पडली की नाव पुसायचं. हा नियम दुसऱ्या कुणाचा नव्हता, मालिपुओचाच. सेखोबेची घोडी पाहुण्यांना चावत होती, तेव्हा भर सभेत उभं राहून तिनंच तो करायला लावला होता. सेखोबे आता संघाचा म्होरक्या झाला होता आणि ते विसरला नव्हता.

"थांबतो म्हणजे काय रे? सगळेच घोडे थांबतात," दुसरी फुली पडली त्या सभेत मालिपुओ म्हणाली होती.

"मालिपुओआई, बाकीचे हाकलल्यावर चालतात. तुमचा मोहाले माथाकानेच्या दारात असा उभा राहतो की परवाच्या पाहुण्याला वाटलं, घोडा उभ्याउभ्या मेला," सेखोबे म्हणाला होता.

"मालकाकडून शिकला," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभा हसली.

मालिपुओ हसली नाही. कारण तिच्या मते ते खरं होतं. डोंगरात ज्या घरी ज्वारीची दारू तयार असते त्या घरावर काठीला पांढरं फडकं चढतं. लाल असलं तर मांस, हिरवं असलं तर भाजी. खिंडीच्या पायथ्याशी, वाटेला लागून माथाकानेचं घर होतं, आणि त्याच्यावरचं पांढरं फडकं अर्ध्या दरीतून दिसायचं. शेवटची तीन-चार वर्षं नवरा तिथं बसायचा हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तेव्हापासून मालिपुओ माथाकानेशी एक शब्द बोलली नव्हती. मयतीला माथाकाने आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. मालिपुओनं तिकडे मानसुद्धा वळवली नाही.

आता मोहालेची पाळी दोन दिवसांवर आली होती. मालिपुओनं पाण्याला जाणाऱ्या बायकांबरोबर निरोप धाडला: पाळीच्या दिवशी सकाळपुरतं निशाण उतरव म्हणावं. उत्तर आलं, "काठी माझी, फडकं माझं. हवं असेल तर स्वतःच्या तोंडानं येऊन माग."

"तिच्या दारात पाय ठेवण्यापेक्षा मी घोडा पाठीवर घेऊन खिंड चढेन," मालिपुओ म्हणाली. बायकांनी हेही तिकडे पोचवलं असणार, त्यांचं पाणी भरणं म्हणजे तेच.

मग तिनं जुन्या ब्लँकेटचा एक तुकडा कापला आणि मोहालेच्या उजव्या डोळ्याला झापड शिवली. चढताना माथाकानेचं घर उजव्या हाताला येतं. घोड्याला निशाण दिसायला नको, की झालं.

पाहुणी आली ती जोहान्सबर्गची. बुसी नाव, चाळिशीची, अंगानं भरलेली, इस्पितळात नर्स. बोलायची गावाचीच भाषा, पण शहरात राहून तिची खिचडी झालेली. गाडीतून उतरल्यापासून तिचं रडगाणं चालू झालं. वारा बोचतो. खोगीर टणक. घोडा लहान.

"घोडा लहान नाही, पोरी," मालिपुओ म्हणाली. "तू बस आधी. तो कुरकुर करत नाही, बघ."

"मला चार वाजता परतीची गाडी पकडायची आहे, आई. खिंडीवरून ढग यायच्या आत दरी दिसली पाहिजे, सांगून ठेवते. आणि हा घोडा डोळ्यानं अधू आहे का?"

"दुसऱ्यानं दोन्हींचं बघतो."

सेखोबे फळ्याशी उभा होता. "घोडा कुठं अडला, काही त्रास झाला, तर परत आल्यावर सांगा हं," तो बुसीला म्हणाला आणि हातातला खडू उगाच बोटांवर फिरवत राहिला.

एरवी घोड्याबरोबर मालिपुओचा पुतण्या जायचा. आज तिनं त्याला घरी बसवलं आणि लगाम स्वतः धरला. अंगाभोवती ब्लँकेट, त्याला मोठी पिन, डोक्यावर नवऱ्याचीच गवताची टोपी. पीचच्या झाडांना नुकताच गुलाबी फुलोरा आला होता, ओढ्याच्या कडेला अजून बर्फाचे पापुद्रे होते. ओढा ओलांडला, लहान टेकाड चढलं, मेंढ्यांच्या कोंडवाड्याला वळसा घातला. मोहाले पाय टाकत होता तो दगड बघून, हळू आणि नेमका. बुसीची कुरकुर हळूहळू विरली. घोड्याच्या चालीवर तिचं अंग सैल पडलं.

"माझा आजोबा ह्याच डोंगरातून खाणीवर गेला होता," ती म्हणाली. "परत आलाच नाही. कुठलं गाव ते कुणालाच धड माहीत नाही. आई म्हणायची, घोड्याबद्दल फार बोलायचा."

"सगळेच बोलतात. माणसांबद्दल बोलले तर पाप लागतं ना त्यांना."

बुसी खो खो हसली. मालिपुओला ती बया जराशी आवडली. तसं तोंडावर दाखवण्याचं काही कारण नव्हतं.

शेवटच्या वळणाला मालिपुओनं लगाम आखूड धरला आणि चाल वाढवली. वळण संपलं. तिनं वर पाहिलं.

काठी रिकामी होती. फडकं नव्हतं. पांढरं नाही, लाल नाही, काहीच नाही. वाऱ्यात नुसती काठी.

क्षणभर तिला वाटलं, सुटलो. आणि लगेच राग आला. न मागता उपकार करते म्हणजे काय?

तेवढ्यात लगामाला हिसका बसला. मोहाले थांबला होता. झापड डोळ्यावर, निशाण खाली, दारूचा वास नाही, तरी माथाकानेच्या दगडी बांधापाशी चारी पाय रोवून उभा. मालिपुओनं ओढलं. चुचकारलं. त्याच्या कानात असं काही बोलली की बुसीनं कान टवकारले. घोडा ढिम्म.

"काय झालं?" बुसीनं विचारलं.

"काही नाही. देखावा बघतोय."

"एका डोळ्यानं?"

दारातून माथाकाने बाहेर आली. वाकलेली, कमरेला पिठाचे हात पुसत. "ओढू नकोस," ती म्हणाली. "ओढून तो कधी हलला आहे का?"

"तू निशाण उतरवलंस," मालिपुओ म्हणाली. सात वर्षांत तिला बोललेला हा पहिला शब्द, तोही आरोपासारखा.

"उतरवलं. तुझं तोंड दुखलं असतं ना मागून." माथाकानेनं मोहालेच्या डोळ्यावरची झापड सोडली आणि त्याचं कपाळ खाजवलं. "पण निशाणानं काही होत नाही हे मला माहीत होतं. तो काय फडकं बघून थांबतो? पाहुणीला उतरव. दम खा जरा. तुझाही श्वास कुठे ठिकाणावर आहे."

"माझा श्वास आहे तिथं आहे," मालिपुओ धापा टाकत म्हणाली.

बुसी मात्र कुणी सांगायची वाट बघत नव्हती. ती उतरली आणि बांधावर बसून मांड्या चोळू लागली. माथाकानेनं आतून वाडगी आणली. मालिपुओनं नाक फुगवून वास घेतला. दारू नव्हती. ज्वारीची आंबील होती, गरम.

"त्यालाही हीच द्यायची," माथाकाने म्हणाली. "ह्याच वाडग्यातून."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? तुझ्या नवऱ्याला. शेवटची चार वर्षं त्यानं माझ्या घरी दारूचा थेंब घेतला नाही, मालिपुओ. चढ सुरू व्हायच्या आधी इथं उतरायचा, ह्या बांधाला धरून उभा राहायचा आणि श्वास शोधायचा. पाहुण्यांना म्हणायचा, घोडा दमला. कधी कधी बोलताही येत नसे, नुसता हातानं दाखवायचा, थांबा."

बुसीचा हात मांडीवर तसाच थांबला. "खाणीत होते का ते?"

"एकवीस वर्षं," मालिपुओ म्हणाली.

"रात्री श्वासाला शिट्टी वाजायची?"

वाजायची. रोज रात्री वाजायची, आणि मालिपुओ पाठ फिरवून म्हणायची, घोरतोय दारुड्या. तो काही बोलायचा नाही. कधी कधी हसायचा.

"खाणीतली धूळ," बुसी हळूच म्हणाली. "आमच्याकडे येतात असे. फार उशिरा येतात."

"मला का नाही सांगितलं?" मालिपुओ माथाकानेकडे वळली. आवाज वाढवायचा होता, वाढला नाही.

"शपथ घातली होती त्यानं. म्हणायचा, तिला कळलं तर ती मला त्याच दिवशी खाली उतरवील आणि फळ्यावरचं नाव स्वतःच्या हातानं पुसून टाकील. तिनं दारुडा म्हटलेलं चालेल, म्हणायचा, पण माझा घोडा राहू दे." माथाकानेनं वाडगं पुढे केलं. "खोटं बोलत होता का?"

खोटं नव्हतं. मालिपुओनं त्याला त्याच दिवशी उतरवलं असतं. शेगडीजवळ बसवलं असतं, पांघरूण घातलं असतं, आणि फळ्यावरचं नाव पुसलं असतं. तिनं वाडगं घेतलं, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"मयतीत सांगायचं होतंस."

"तू मान वळवली असतीस तर सांगितलं असतं."

मोहालेनं तेवढ्यात मान झटकली, फुरफुरला आणि दोन पावलं पुढे टाकून उभा राहिला. माथाकाने म्हणाली, "झालं. आता निघेल. एवढाच वेळ लागायचा तुझ्या नवऱ्याला."

बुसी चढून बसली. मोहाले कुणी न हाकलता चढाला लागला. खिंडीवर येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो, त्याचा मोठा ढीग झाला आहे. बुसीनं आजोबाच्या नावानं एक ठेवला. मालिपुओनं बराच वेळ शोधून एक चपटा, चांगला दगड निवडला आणि त्याच्या शेजारी ठेवला. ढग अजून आले नव्हते. दरी तळापर्यंत उघडी होती, ओढा सुतासारखा, घरं वाटाण्यांएवढी.

उतरताना माथाकानेच्या काठीवर पांढरं फडकं पुन्हा चढलं होतं. दोन गडी दारात वाडगी घेऊन बसलेही होते. मालिपुओनं लगाम सैल सोडून दिला आणि घोड्याकडे बघत राहिली. मोहालेनं डोळा उचलूनही तिकडे पाहिलं नाही. तो सरळ पुढे निघून गेला.

"उतारावर दम लागत नाही ना," बुसी वरून म्हणाली.

मालिपुओनं टोपी खाली ओढली. एवढी वर्षं गावातल्या साऱ्या शहाण्यांनी घोडा थांबताना पाहिला, आणि परतताना तो थांबत नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्यासुद्धा.

संघाच्या झोपडीपाशी सेखोबे खडू घेऊन तयारच होता. "थांबला का?" त्यानं विचारलं, बुसीला.

उत्तर मालिपुओनं दिलं. "थांबला. माथाकानेच्या दारात. पुढच्या पाळीलाही थांबेल."

सेखोबे गोंधळला. एवढ्या सरळपणाची त्याला सवय नव्हती. "मग बाई, तुमची तक्रार..."

"आहे ना," बुसी म्हणाली. ती खोगिरावरून उतरली, लंगडत दोन पावलं चालली. "जाताना थांबला, येताना थांबलाच नाही. माझी आंबील अर्धी राहिली."

"ही काय तक्रार झाली?"

"तुमच्या फळ्यावर बसत नसेल तर सोडून द्या."

सेखोबेनं खडू खिशात टाकला. मालिपुओ तिथून हलली नाही. "त्या दोन फुल्याही पूस," ती म्हणाली. "आणि तसा नको बघूस. घोडा चुकला नव्हता. आपण चुकलो होतो. मीही त्यात आले. का ते बस, सांगते, पण आधी पूस." सेखोबेनं बाहीनं फुल्या पुसल्या, आणि मग त्याला बराच वेळ बसून ऐकावं लागलं.

मोहाले अजून फळ्यावर पहिलाच आहे. पुतण्या लगाम धरतो, पण पाहुण्याला खोगिरावर बसवायला मालिपुओ स्वतः येते, आणि पोटाचा पट्टा आवळता आवळता प्रत्येकाला सांगते: "खिंडीच्या खाली एका घरापाशी हा थांबेल. ओढायचं नाही, टाच मारायची नाही. एका माणसाला दम खायला लागतो तेवढाच थांबतो, मग आपला आपण निघतो. आणि तिथली बाई आंबील देईल ती घे. बाईचं तोंड तिखट आहे, पण आंबील बरी करते."