फळ्यावरची दवंडी

"परत सांगा भाऊसाहेब. पयल्यापासून."

पुंजारामला वाचता येत नव्हतं. बावीस वर्षं तो म्युनिसिपालिटीची दवंडी देत होता. मी कारकून. मी दोनदा वाचायचं, की हा हलगी गळ्यात अडकवून निघाला. अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. त्यापायी मी त्याला एकदा फसवलाही होता. 'ज्यांच्या सासवा हरवल्या असतील त्यांनी ओळख पटवून घेऊन जाव्यात,' हे गावभर सांगून आला. तिघं कचेरीत आले, सासू हरवायची फी किती म्हणून विचारायला.

आज मात्र मी कागदावरचंच वाचत होतो.

नळासाठी सरकारकडून कर्ज काढा, असं अध्यक्षांचा गट म्हणे. कर्जाची मर्यादा संपली, आधी खर्च कापा, असं मार्तंडरावांचा गट म्हणे. इंग्रज जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि सभेत खुर्च्या उचलून झाल्या होत्या. भांडणात चार महिने गेले, कर्ज अडलं, नळ अडला. मग दोन्ही गटांनी एकाच ठरावाला एकमतानं हात वर केले आणि चहा प्याले.

"काटकसर म्हणून दवंडीवाल्याची जागा उद्यापासून रद्द. यापुढे सूचना फळ्यावर लागतील."

पुंजाराम मांडीवर थाप मारून हसला.

"आता न्हाई फसायचा!"

"अरे, खरंच आहे हे."

"व्हय व्हय. सासवांच्या टायमालाबी असंच तोंड केल्तं तुमी."

मी ठरावावरच्या सह्या दाखवल्या. तो सह्यांनाही हसला. "पर सांगतो की. पान्यावाचून सुकल्यात मानसं, हसू द्या जरा."

पेठेतून, मारुतीपुढून हलगी ऐकू येत राहिली. इतकी जोरात त्यानं कधी वाजवली नव्हती. मी ठराव बाहेरच्या फळ्यावर चिकटवला.

दुपारी तो आला.

"भाऊसाहेब, कुनीच हसलं न्हाई. पेठेतल्या रंगुबाईनं तर हातावर गूळ ठिवला, 'जपून ऱ्हा' म्हनली."

त्यानं हलगी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही कचेरीची हाय," म्हणाला, आणि बाहेर पडला.

फळ्यापुढं डोक्यावर पाटी घेतलेली छबूबाई उभी होती. "दादा, काय लिवलंय रं?"

पुंजारामनं फळ्याकडं पाहिलं; कागदाखाली सकाळच्याच सह्या होत्या. घसा साफ केला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.