शेवटची हाक

आमचे हे गेल्यावर मी पुस्तक सांगितलं आणि सुनेने ते लिहून काढलं. आता प्रकाशक मला गावोगाव मिरवतो. माझी शाळा दुसरीपर्यंतच, त्यामुळे मी बोट ठेवून वाचते. लोकांना वाटतं, दुःखाने गळा दाटलाय. वाटू दे बापड्यांना.

‘शेवटी त्यांनी मलाच हाक मारली,’ या ओळीला बायका हमखास डोळे पुसतात.

पाचव्या गावी तिसऱ्या रांगेत नणंद दिसली आणि माझं बोट त्याच ओळीवर अडलं. हे गेले त्या दिवसापासून आम्ही बोलत नव्हतो, कारण शेवटची हाक त्यांनी तिला मारली होती. जन्मभर उस्तवार मी केली आणि तोंडात नाव चिमीचं! हे आम्हा दोघींनाच ठाऊक. तरी मी छापलेलं तसंच वाचलं.

सहीच्या रांगेत ती सगळ्यांत मागे होती.

“भांडायचं असेल तर इथेच भांडा, वन्सं. लोक अजून बसलेत, टाळ्या मिळतील.”

“भांडायला नाही आले, वहिनी. दादाबद्दल बोलायला तुमच्याशिवाय आता उरलंय कोण?”

मी तिच्या पुस्तकातलं ‘मलाच’ खोडलं आणि वर ‘चिमीला’ लिहिलं. तिने ते वाचलं, माझा हात जरा वेळ धरून ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

सहाव्या गावी मी ‘चिमीला’ असंच वाचलं. कोणीच डोळे पुसले नाहीत. एकीने विचारलं, “चिमी कोण?”

“माझी नणंद,” मी म्हटलं. तिचा फोन नंबर घ्यायचा राहिला, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.