तळावरची शेवटची गाडी

पिराजीचा हिशेब सोपा होता. अंधाराआधी गगनबावड्याच्या तळावर आतली जागा मिळाली की बैल वाघापासून वाचले. आणि बैल वाचले की सकाळी घाट उतरून खालच्या बाजारात पहिला गूळ त्याचाच. तोटा एकच, वाटेतल्या कळे गावी सासुरवाडीच्या रश्श्यावर त्यानं सारी दुपार घालवली होती.

शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दिवाळी सरली की घाटमाथ्याच्या रानातल्या त्या तळावर गुळाच्या गाड्यांची रीघ लागायची. गाड्या गोलात उभ्या करायच्या, बैल मधे बांधायचे. शेवटी येणाऱ्याची गाडी गोलाच्या तोंडाला. बैल तिथंच बांधून त्यानं रातभर जाळ राखायचा. नियम कुणी लिहिला नव्हता, म्हणूनच बहुधा कुणी मोडत नव्हतं.

पिराजी पोचला तेव्हा गोल भरलेला.

"या पावणं!" तळाचा म्हातारा कारभारी आकाराम हसला. "सासूनं सोडलं व्हय? तोंडाची जागा तुमची."

"आत कुटंतरी सरकवा की, तात्या."

"माझ्या डोस्क्यावर सरकवू? परवा हितनंच खोंड उचललाय वाघानं. जाळ मोठा ठेव."

पिराजीनं रानाकडं बघितलं. पाखरं केव्हाच गप झाली होती. त्याचे बैल, चांद्या आणि कैऱ्या, कान टवकारून उभे, पाऊल टाकीनात.

गोलाच्या मधोमध एकच जागा मोकळी होती, गैबी नालबंदाची. त्याला ना गाडी ना बैल. पण घाटाच्या गुळगुळीत दगडावर बिननालाचा बैल टिकत नाही, म्हणून सारा तळ त्याला पोटाशी धरायचा. दिवसभर नाल ठोकून गैबीचे हात लोंबत होते.

गुळाचा मोठा खडा घेऊन पिराजी त्याच्यापाशी टेकला.

"गैबीचाचा, हितं शेणामुतात काय पडलाईस? म्होरं माझ्या गाडीपाशी मऊ गवत हाय, जाळाची ऊब हाय."

"आन् जाळ कोण राखणार गा?"

"लाकडं तर सरकवायची. माझी बैलं हितं बांधतो."

"त्यास्नी नाल कुटं ठोकल्यात अजून?"

"सकाळी ठोक की. पयली माझी."

"लेका, गूळ ग्वाड लागला की मी इचार करीत न्हाय," म्हणत गैबीनं पिशवी उचलली.

आकारामनं हे बघितलं. बोलायला तोंडही उघडलं. पण त्याची स्वतःची बैलं त्या तोंडापासून लांब होती. तो घोंगडं ओढून आडवा झाला.

पिराजी दोन बैलांमधे झोपला, आणि झकास झोपला.

उठवलं ते गारठ्यानं. उजाडत होतं. जाळाची राख झाली होती. गैबीची हातोडी गवतावर होती, घोंगडं मात्र झाडीच्या तोंडाशी, ओढत नेल्यासारखं. मधल्या ओल्या मातीत पंजे.

रातीत बैलं एकदा फुरफुरली होती, म्हणे. सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसरा कुणी उठेल म्हणून जो तो गप पडून राहिला होता.

माणसं कुऱ्हाडी घेऊन झाडीत शिरली. जे सापडलं ते धोतरात बांधून आणलं.

"चाँदबीला कोण सांगणार?" आकारामनं पिराजीकडंच बघत विचारलं. "तिचा दादला गेला, हे तुझ्या तोंडनं सांग."

"माघारी येताना सांगतो. बाजार थांबत न्हाय, तात्या."

"बैलं बिननालाची हाईत तुझी."

"हळू उतरतो की."

हळूच उतरत होता. पण पहिल्याच मोठ्या वळणावर चांद्याचा खूर दगडावरनं घसरला, मागनं गुळाचा सारा भार आला, आणि हाड मोडल्याचा आवाज वरच्या गाडीवाल्यांनाही ऐकू गेला. गाडी कठड्यावर आदळून थांबली. चांद्या उठलाच नाही.

पिराजीच्या हिशेबापायी गैबीनं जीव भरला, चाँदबीनं घरधनी, चांद्यानं पाय आणि दुपारपर्यंत प्राण. पिराजीनं गाडीवरनं वेळेवर उडी मारली होती.