निळ्या वहीतल्या खुणा

निळी वही टेबलावर होती. दम्याच्या अभ्यासासाठी हॉस्पिटलने ती उमाकांत सबनिसांच्या बायकोला, मधुमतीला, दिली होती. सकाळ-संध्याकाळ नळीत फुंकायचं, आकडा लिहायचा, रोजचा पंप ओढला की बरोबरची खूण करायची. मेअखेरच्या आंधीत, धुळीच्या वादळात, दुपारी मधुमतीला धाप लागली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला सात आठवडे झाले.

आज अभ्यासाचं काम बघणारी ज्ञानदा वही न्यायला त्यांच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर आली होती. जयपुरातच वाढलेली मुलगी, मराठी अडखळत बोलायची.

"काका, काकूंची वही सर्वांत पूर्ण आहे. मतलब, एकही दिवस खाली नाही. रोज पंप घेऊनही असा अटॅक आला, तर डोस कमी पडतो का, हे आमचे डॉक्टर सर बघणार आहेत."

उमाकांतांनी कप खाली ठेवला.

चौतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत प्रस्ताव तपासले होते. रकाना रिकामा दिसला की फॉर्म परत पाठवायचा. मधुमती बरं वाटलं की पंप सोडून द्यायची. "छाती मोकळी आहे, उगाच कशाला?" वहीतले रिकामे रकाने उमाकांतांना बघवायचे नाहीत. जेवण झालं की ते पेन काढायचे आणि आदल्या दिवसाच्या अंदाजाने आकडा भरून खूण करायचे.

"रिटायर कुठे झालात तुम्ही?" ती हसायची. "आता माझा श्वास तपासायला बसलात!"

तेही हसायचे. पान भरलं की दिवस नीट गेला असं वाटायचं. पंप घेतलास का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"ज्ञानदा, ही वही खोटी आहे," ते म्हणाले. "बऱ्याच खुणा माझ्या आहेत. त्या त्या दिवशी तिने पंप घेतला नव्हता."

ज्ञानदाने वही उघडून पानं चाळली.

"औषध कमी पडलं असं लिहू नका. उद्या दुसऱ्या कुणाला याच्यावरून डोस वाढवून द्याल."

"काका, बरं वाटलं की लोक सोडतातच," ती हळूच म्हणाली. "का सोडतात, तेच तर शोधतोय. तुमच्या खुणा ओळखता येतील?"

"येतील. तिची घाईची. माझी आखल्यासारखी."

तिने लाल पेन दिलं. उमाकांत एकेका खुणेभोवती गोल करत गेले. मेमध्ये अठरा निघाल्या. आंधीच्या आदल्या दिवसाच्या खुणेवर पेन थांबलं. घाईची वाटत होती. आखलेलीही. ही तिची असावी असं त्यांना फार वाटलं.

"ही काकूंची?" ज्ञानदाने विचारलं.

"माहीत नाही."

असं उत्तर लिहिलेला फॉर्म त्यांनी आयुष्यात कधी पुढे जाऊ दिला नव्हता. त्यांनी समासात स्वतःच्या हाताने 'माहीत नाही' लिहिलं, खाली सही केली आणि वही तिच्याकडे सरकवली.